भावाची छाती, भरती आणि ऑपरेशन

शहापूरची_आक्का (धागालेखिका)

नमस्कार मंडळी. इथं नुसती वाचणाऱ्यांतली मी. कधीतरी पाककृतींच्या धाग्यावर एखादा प्रतिसाद, एवढंच. आज स्वतःचा धागा काढतेय कारण विषय असा आहे की घरात मोठ्यानं बोलता येत नाही.

धाकटा भाऊ वीस वर्षांचा. कॉलेज करत सैन्यभरतीची तयारी करतो. पहाटे बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पळायला जातो ते दोन बनियन आणि वर जर्किन घालून, मे महिन्यातसुद्धा. कारण छाती. आठवी-नववीपासून दोन्ही बाजूंना बायकांसारखी वाढ आहे. बाकी अंगानं काटकुळा, पोट नाही, काही नाही. तालमीत जायचा, ते सोडलं. मागं सगळे गोकर्णाला गेलो होतो. तिथं पुरुषांना शर्ट काढून आत जावं लागतं म्हटल्यावर हा बाहेर चपला राखत बसला. आईला वाटलं पोरगं नास्तिक झालं.

आता तो म्हणतो ऑपरेशन करायचं. एका क्लिनिकमध्ये मी त्याच्यासोबत गेले. तिथल्या बाईंनी (डॉक्टर नव्हे, काउन्सेलर) एक लाख दहा हजार सांगितले, आणि आज बुकिंग केलं तर पंधरा हजार कमी. डॉक्टर पाच मिनिटं भेटले. आई म्हणते, पोराच्या जातीला कशाला असले नखरे, लग्न झालं की विसरेल. अप्पांना अजून माहीत नाही. पैसे माझ्या एफडीतून निघतील, ती माझ्या लग्नासाठी ठेवलेली आहे.

करावं का? आत्ता करावं का? आणि कुठं?

निपाणीकर

आक्का, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ही हल्लीची फॅडं आहेत. मोबाइलवर सिक्स पॅक बघायचे आणि आरशासमोर रडायचं. आमच्या वेळी तंबाखूच्या वखारीत उघड्या अंगानं गडी काम करायचे, कुणाची छाती कशी हे कोण बघत होतं? पोराला आणखी दोन किलोमीटर पळवा, भात कमी करा, जोर मारायला लावा. एक लाखात म्हैस येते.

संकेश्वरचा_डॉक

निपाणीकर, म्हशीचा हिशेब बरोबर, बाकीचा चुकला. पळून चरबी जाते, छातीतली स्तनग्रंथी जात नाही.

आक्का, मी साधा जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर आहे, सर्जन नाही, पण असली पोरं माझ्याकडे नेहमी येतात आणि बहुतेक वेळा खोकल्याचं निमित्त करून येतात. याला गायनेकोमास्टिया म्हणतात. वयात येताना निम्म्याहून अधिक मुलांना थोडीफार अशी वाढ होते, आणि बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत आपोआप ओसरते. म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचं ऑपरेशन करायची घाई कुणी करू नये. पण तुमचा भाऊ वीसचा आहे. इतकी वर्षं राहिलेली ग्रंथी आतून तंतुमय, घट्ट होते. मग ती गोळ्यांनीही सहसा जात नाही, व्यायामानंही नाही. उलट छातीचे स्नायू वाढले की ती आणखी पुढे येते.

पहिलं काम म्हणजे ती ग्रंथी आहे की चरबी, ते ठरवणं. उताणं झोपवून, बोंडाखाली अंगठा आणि बोट दोन्हीकडून दाबत आणलं की ग्रंथी असेल तर रबरी चकतीसारखं लागतं. नुसती चरबी असेल तर काहीच अडकत नाही. शंका वाटली तर सोनोग्राफी.

दुसरं काम म्हणजे कारण शोधणं. बऱ्याचदा काही सापडत नाही, पण शोधायचं असतं. थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड, हार्मोन्स. आणि वृषणांची तपासणी, ही पोरं टाळतात आणि काही डॉक्टरही टाळतात. क्वचित तिथली गाठ हेच कारण असतं. काही औषधांनीही होतं: सुजेवरचं स्पायरोनोलॅक्टोन, पित्तावरचं सिमेटिडीन, केसांसाठी घेतात ती फिनास्टेराइड. एकाच बाजूला कडक गाठ, बोंडातून रक्त किंवा पाणी, झपाट्यानं वाढ, यातलं काही असेल तर धागा बंद करा आणि उद्याच डॉक्टर गाठा.

त्या पाच मिनिटांत यातलं काय काय झालं?

शहापूरची_आक्का

डॉक, धन्यवाद. यातलं काहीच नाही. शर्ट वर करायला लावला, म्हणाले "ग्रेड टू", आणि बाहेर काउन्सेलरकडे पाठवलं. रक्तही तपासलं नाही.

माजी_फौजी_खानापूर

आक्का, भरतीचं मी सांगतो. मेडिकलला लंगोटावर उभं करत्यात, दोन बनियनचा तिथं उपयोग न्हाई. छाती मोजताना डॉक्टरच्या नजरेतून हे सुटत न्हाई आणि या कारणावरनं पोरं अनफिट झालेली मी बघितलीत. पळण्यात पहिला आलेला गडी मेडिकलला परत येतो तवा लई वाईट वाटतं.

पर दुसरी बाजू पण ऐका. भरतीच्या तोंडावर ऑपरेशन करू नका. टाके ताजे, वण लाल, आत सूज, अशात उभा राहिला तर त्याच्यावरच थांबवतील. जखम पुरती भरून पोरगं पहिल्यासारखं दंड-बैठका मारायला लागलं पायजे. ऑपरेशनचे कागद जपून ठेवा आणि विचारलं की दाखवा, लपवू नका. अनफिट झालाच तर रिव्ह्यू मेडिकल मागता येतं. तो शिक्का कायमचा नसतो.

बेळगावच्या मराठा सेंटरच्या, म्हंजे मराठा रेजिमेंटच्या ठाण्याच्या गेटवरनं जाताना आजबी छाती फुगते आमची, म्हणून सांगतो, फक्त भरतीसाठी म्हणून कापाकापी करू नका. निवड व्हायला आणखी दहा गोष्टी लागत्यात. निवड न्हाई झाली तर त्याला वाटंल ऑपरेशन फुकट गेलं.

ओटी_सिस्टर

फौजी काकांचं शेवटचं वाक्य आक्कांनी भावाला वाचून दाखवावं.

मी बरीच वर्षं ऑपरेशन थिएटरला काढली आहेत, हुबळीला आणि नंतर बेळगावात. कुठं आणि कोणाकडे, यावर मला बोलायचं आहे, कारण लोक "करावं का" यावर महिनोन्महिने झुरतात आणि "कुणाकडे" हे रीलवर बघून ठरवतात.

सर्जनच्या नावापुढं एमसीएच प्लास्टिक सर्जरी किंवा त्याच विषयातलं डीएनबी (दोन्ही तज्ज्ञाच्या पदव्या) आहे का बघा. "कॉस्मेटिक फिजिशियन", "एस्थेटिक एक्सपर्ट", अमुक फेलोशिप या पाट्या भिंतीवर छान दिसतात, पण प्लास्टिक सर्जन म्हणजे एमबीबीएसनंतर सर्जरीचं वेगळं शिक्षण घेतलेला माणूस. नोंदणी क्रमांक मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासता येतो. आपल्या कर्नाटकात खासगी दवाखान्यांसाठी २००७ चा केपीएमई कायदा आहे. नोंदणीचं प्रमाणपत्र आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. ते दिसत नसेल तर मागा. मागितल्यावर कपाळाला आठ्या पडल्या तर तुम्हाला उत्तर मिळालं.

भूल कोण देणार? भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ थांबणार का? ऑक्सिजन, मॉनिटर, काही बिघडलं तर आयसीयू आतच की रुग्णवाहिकेनं गावभर? २०२२ च्या मे महिन्यात बेंगळुरूला कन्नड मालिकेत काम करणारी एकवीस वर्षांची मुलगी चरबी काढण्याच्या ऑपरेशननंतर गेली. तिथं पुरेशा सोयी नव्हत्या असा आरोप घरच्यांनी केला होता. ती बातमी आम्ही थिएटरच्या चेंजिंग रूममध्ये वाचली. कुणी काही बोललं नाही, पण त्या आठवड्यात प्रत्येक जण क्रॅश कार्ट (जीव वाचवायच्या औषधांची गाडी) दोनदा तपासत होता.

ऑपरेशन तसं मोठं नाही. बोंडाभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेला छोटा छेद, तिथून ग्रंथी काढतात, आजूबाजूची चरबी नळीनं ओढतात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. मग चार ते सहा आठवडे घट्ट प्रेशर जॅकेट. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते नको, दिवाळीनंतर बघा. रक्त साचणं, पाणी साचणं, बधिरपणा, दोन्ही बाजू सारख्या न दिसणं हे होऊ शकतं. आणि हौशी हातानं ग्रंथी जास्त खरवडली तर बोंडाखाली बशीसारखा खड्डा पडतो. तो वाढीपेक्षा वाईट दिसतो.

संमतीपत्र इंग्रजीत असतं, कधी कन्नडात. तुमचा भाऊ इंग्रजी वाचत असेल, तरी मराठीत सगळं सांगायला लावा आणि मगच सही. आमच्याकडे सही करून घ्यायचं काम कित्येकदा सर्वांत नव्या पोरीकडे असतं. तिला प्रश्न विचारले तर ती सर्जनला बोलावून आणते. तेच हवं असतं.

बेळगावच्या केएलई हॉस्पिटलमध्ये प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग आहे. आधी साधी ओपीडी करा. "आज बुक केलं तर पंधरा हजार कमी" हे पडद्याच्या कापडाला ठीक आहे.

घटप्रभा

धागा भरकटवते, माफी असावी. सिस्टर, माझ्या आईच्या कानाची पाळी जड कुड्यांनी चिरत चिरत पूर्ण फाटली होती. आमच्याकडे एका ठिकाणी शिवून घेतली. छान जमली, आणि चार महिन्यांनी तिथंच गाठ उगवली, आता बोराएवढी आहे. ते पुन्हा कापावं का?

ओटी_सिस्टर

नुसतं कापू नका, नुसतं कापलं की अनेकदा आणखी मोठी होऊन येते. हे किलॉइड वाटतं, म्हणजे जखमेपेक्षा मोठा वाढणारा जाड वण. गाठीत स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, कधी कापून लगेच इंजेक्शनांचा कोर्स, वर दाब देणारी क्लिप. त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरी, दोन्हीकडे दाखवता येईल. नवीन धागा काढा, सविस्तर लिहिते.

जिमवाला_कंग्राळी

एक विचारायचं राहिलं सगळ्यांचं. जिमला जातो का? काही घेतो का? आपल्या बेळगावात बॉडीबिल्डिंगचं वेड काय आहे ते सांगायला नको. गणपतीच्या आधी पोरं येतात, "सर, दोन महिन्यांत कट पाहिजे." मग कुणीतरी गोळ्या देतं, इंजेक्शन देतं. त्या स्टेरॉइडचा काही भाग अंगात बायकी हार्मोनमध्ये बदलतो आणि छातीत गाठी धरतात. दंड अठरा इंच आणि शर्टाखाली हे. ऑपरेशन करून परत तेच घेतलेली पोरंही बघितलीत, परत आलंय. प्रोटीन पावडरचे डबे वेगळे, पण बिनबिलाच्या डब्यात काय असतं कुणास ठाऊक.

पॉलिसीवाला

पैशाचं थोडक्यात. आरोग्य विम्यात कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते. अपवाद अपघात, भाजणं, कर्करोग यानंतरची दुरुस्ती, किंवा वैद्यकीय गरज म्हणून डॉक्टरनं लिहून दिलेली शस्त्रक्रिया. हा दावा कंपन्या सहसा पहिल्या फटक्यात नाकारतात. तपासण्यांचे रिपोर्ट आणि सर्जनचं लेखी कारण असेल तर भांडायला जागा राहते. दुसरं, निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी आहे. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष किंवा इजा यासाठी असेल तर तो नाही. म्हणजे तुम्हाला सांगितलेला एक लाख दहा हजार करासकट की कराशिवाय, आणि त्यात जॅकेट, औषधं, भूलतज्ज्ञ धरलेत का, हे लेखी घ्या.

लग्नाच्या एफडीबद्दल मी बोलणार नाही. तुमचा घरचा मामला.

निपाणीकर

डॉक्टरांचं मान्य, ग्रंथी पळून जात नाही. माझा मूळ मुद्दा तसाच आहे. अंगाला दुखत नाही, खुपत नाही, काम अडत नाही. मग ही गरज कशी? ही हौसच.

हुक्केरीचे_मास्तर

निपाणीकर, तुम्हाला एक जुनी हकीकत सांगतो.

१७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनात एक चित्र छापून आलं, कपाळाच्या कातडीतून नवं नाक बसवलेल्या माणसाचं. माणूस आपला मराठा, इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा. त्यांनी नाव लिहिलंय कावसजी. १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला, टिपूनं नाक आणि एक हात तोडला. वर्षभर तसाच राहिला आणि मग पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं त्याचं नाक केलं. मेणाचा पातळ साचा तुटलेल्या नाकावर बेतायचा, तो कपाळावर सपाट ठेवून आखायचं, तेवढी कातडी सोडवून मुळाशी जोडलेली ठेवून खाली वळवायची. नाक बसवायची विद्या आपल्याकडे सुश्रुतापासूनची मानतात. दोन इंग्रज वैद्य बघत उभे होते. त्या लेखावरून विलायतेतल्या सर्जनांनी धडे घेतले आणि पुढं युरोपभर ही पद्धत गेली.

आता तुमचा नियम लावा. नाक नसलं तरी श्वास चालतो. घास जातो. बैलही हाकता येतात, हात तुटल्यानं अडेल ते वेगळं. हात कुणी परत देऊ शकत नव्हतं, नाक देऊ शकत होतं. कावसजी वेदना सोसून त्या कारागिरासमोर बसला तो कशासाठी? लोकांत तोंड दाखवायला. याला तुम्ही हौस म्हणाल?

निपाणीकर

मास्तर, टिपूनं तोडलेलं नाक आणि पोराची छाती एका पंगतीत बसवलीत! तरी विचार करतो.

चंदगडी

माझं झालंय. वय तेवीस असताना, कोल्हापूरला. नाव-गाव विचारू नका, व्यनि (खासगी निरोप) केलात तरी नाही सांगणार.

डावी बाजू झक्कास. उजवीकडं बोंडाखाली थोडी खोलगट आहे, हात वर केला की कळते. उजवं बोंड दीड वर्ष बधिर होतं, आता थोडं कळतं. पहिले दहा दिवस कुशीवर झोपता येत नाही, शिंक आली की देव आठवतो. हे सगळं धरून सांगतो, मला पस्तावा नाही. पण जे मला कुणी सांगितलं नव्हतं ते सांगतो. छाती सपाट झाली तरी खांदे पुढं काढून कुबड्यासारखं चालायची सवय राहते. घोळदार शर्टच अंगवळणी पडलेले असतात. पोहायला पहिल्यांदा उतरलो ते ऑपरेशननंतर वर्षानं. तोवर आईला वाटत होतं पैसे पाण्यात गेले.

आक्काचा_भाऊ (नवीन सदस्य)

दोन दिवस सगळे माझ्या छातीवर चर्चा करताय, म्हटलं आता मीच येतो. आक्कानं लिंक दिली नव्हती, लॅपटॉप उघडा ठेवला होता.

जिमवाले सर, मी काही घेतलेलं नाही. आक्का, माझ्या कपाटात डबे शोधू नको.

संकेश्वरच्या डॉक्टरांनी सांगितलं तसं झोपून बघितलं. चकती लागते, दोन्हीकडं. बाकीचं पण तपासून घेतो.

फौजी काका, तुमचं पटलं आणि त्यामुळंच लिहितोय. घरी मी भरतीचं कारण पुढं केलं कारण भरती म्हटलं की आई गप्प बसते. पण भरती झाली नाही तरी मला हे करायचं आहे. भरतीसाठी केलं तर गरज आणि माझ्यासाठी केलं तर हौस, असे दोन गट तुम्ही सगळ्यांनी पाडलेत. तालमीत वस्ताद नसताना पोरं काय म्हणायची ते मी इथं लिहिणार नाही. त्यांच्यातले निम्मे आता गाव सोडून गेलेत, त्यांना दाखवायचंही नाही. मला टी-शर्ट घालून बसस्टँडवर सरळ उभं राहायचं आहे.

आक्काची एफडी मोडायची नाही. हे तिला तोंडावर सांगितलं तर भांडण होतं, म्हणून इथं. ओपीडीत नंबर लावून, रांगेत थांबून जे होईल ते. माझी ट्यूशनची थोडी जमा आहे. पुढच्या वर्षी झालं तरी चालेल.

आता माझा प्रश्न. घटप्रभा काकूंच्या आईच्या कानाची गाठ वाचली आणि दंडाकडं बघितलं. लहानपणी बीसीजीची लस टोचली त्या जागी माझा वण बोटभर लांब आणि जाड आहे, चकचकीत, कधी खाजतो. आमच्या अप्पांना पण तसाच. छातीवर असं झालं तर?

ओटी_सिस्टर

बाळा, क्लिनिकवाल्यांनी पहिल्या भेटीत विचारायला हवं होतं ते तू स्वतः काढलंस.

ही प्रवृत्ती घराण्यात असते, अप्पांना आहे म्हणजे दुर्लक्ष करू नको. दंडाचा वरचा भाग, छातीचा मध्य, कानाची पाळी या जागा किलॉइडला बदनाम आहेत. वर्तुळाच्या कडेचा छेद साधारणपणे चांगला भरतो, पण तुझ्या बाबतीत "साधारणपणे" वर विसंबून चालणार नाही. म्हणून ऑपरेशन रद्द असंही नाही. छेद किती छोटा ठेवायचा, ताण कसा टाळायचा, टाके निघाल्यावर सिलिकॉन पट्टी कधीपासून, वण उचलायला लागला की इंजेक्शन कधी, हे आधी ठरवता येतं. तरीही हमी कुणी देऊ शकत नाही. सपाट छातीवर दोन जाड वण आले तर तुला चालतील का, हा प्रश्न तुझा आहे, सर्जनचा नाही. बसस्टँडवर टी-शर्टाखाली ते दिसणार नाहीत. मेडिकलला आणि पोहताना दिसतील.

दंड सर्जनला प्रत्यक्ष दाखव. मोबाइलवरचा फोटो नको, हात लावून बघू दे त्यांना.

चंदगडी

मला हे कुणी विचारलंच नव्हतं. नशीब म्हणायचं.

निपाणीकर

पोरा, बसस्टँडचं वाचलं. म्हशीचं मागं घेतो. ओपीडीला जाऊन आलास की लिही.

आक्काचा_भाऊ

गुरुवारी जातोय. वण दाखवून काय म्हणतात ते आधी बघू, चालेल की नाही त्यानंतर. सिस्टर, घरी असे जाडसर वण आणखी कुणाला येतात ते आत्याला विचारून ठेवतो.

शहापूरची_आक्का

मी सुट्टी टाकते गुरुवारी. आणि एफडीचं घरी बोलू.

आक्काचा_भाऊ

सुट्टी टाक, पण ओपीडीत आत येऊ नको. अप्पांना आज रात्री जेवताना मीच सांगतो. तू मध्ये बोलायचं नाहीस.